न बोलावता येणारी हाक

मंडळी, 'ड्रायव्हर' म्हटलं की आपल्या भिवंडीत नाक्यावर अडकलेला ट्रकवालाच डोळ्यांपुढे येतो. आजचा ड्रायव्हर वेगळा. कीबोर्ड, माऊस, नेटवर्क कार्ड यांचं संगणकाशी बोलणं करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामलाही ड्रायव्हर म्हणतात. माझा पुतण्या पुण्यात तेच लिहितो. त्यात सर्वांत किचकट काय, असं विचारलं तर म्हणाला, "काका, इंटरप्ट. बिघाड असतो, पण आपण बघायला गेलो की नसतो." मी इतिहासाचा मास्तर. या इंटरप्टचा इतिहास शोधल्याशिवाय राहवलं नाही.

इंटरप्ट समजायला आपला यंत्रमाग पुरेसा आहे. साध्या मागावर ताण्याचा धागा तुटला तर माग काही सांगत नाही. कामगाराला फेऱ्या मारत नजर ठेवावी लागते. बाण्याचं तसं नाही. धोट्यामागून येणारा धागा तुटला की एक छोटा काटा मागच थांबवतो. जपानच्या साकिची टोयोडांनी १९२४ साली बनवलेला स्वयंचलित माग तर ताण्याचा धागा तुटला तरी थांबायचा. एका पद्धतीत आपण विचारत फिरायचं, दुसरीत यंत्रच हाक मारणार. ही हाक म्हणजे इंटरप्ट.

सुरुवातीचे संगणक पहिल्या पद्धतीने चालत. टाइपरायटर अक्षर छापेपर्यंत बिचारा संगणक ताटकळत उभा! मग १९५० च्या दशकात यंत्रांना इंटरप्टची सोय येऊ लागली. ॲमस्टरडॅमला लूपस्ट्रा आणि स्खोल्टन या अभियंत्यांनी एक्स-१ या नव्या संगणकात ती ठेवायचं ठरवलं. त्याचे प्रोग्राम लिहिणारे एड्सगर डाइक्स्ट्रा मात्र चक्क घाबरले. हे त्यांनीच पुढे लिहून ठेवलं आहे. तोवर प्रोग्राम चुकला तर तो पुन्हा चालवायचा, चूक पुन्हा त्याच जागी सापडायची. आता हाक कोणत्या क्षणी येईल याचा नेम नाही, म्हणजे चूकही पुन्हा तशीच घडेल याचा भरवसा नाही. शेवटी त्यांनी ते काम स्वीकारलं आणि १९५९ च्या त्यांच्या प्रबंधाचा विषयही तोच झाला. भीती मात्र खरी ठरली. आजही ड्रायव्हर लिहिणारे तिच्याशीच झगडतात.

पुढे संगणक घरोघरी आले. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये इंटरप्टच्या फक्त आठ तारा होत्या, १९८४ च्या पीसी-एटीमध्ये पंधरा. उपकरणं वाढली, तारा तेवढ्याच. आमच्याकडे १९९७ साली संगणक आला. मॉडेम लावला की माऊस गोठायचा. दुरुस्तीवाल्याने दोन माऊस बदलले, तरी तेच. माऊस पहिल्या पोर्टवर होता, मॉडेम तिसऱ्या, आणि दोघांच्या वाट्याला चार नंबरची एकच तार! मॉडेमवरची बारीकशी टोपी हलवून त्याला दुसरी तार दिली आणि भांडण मिटलं. दोन्ही माऊस निर्दोष होते.

नंतर पीसीआय आलं आणि एकाच तारेवर अनेक उपकरणं नांदू लागली. हाक आली की तारेवरच्या प्रत्येक ड्रायव्हरला विचारायचं, "तुझ्यासाठी आहे का?" ज्याची असेल त्याने काम करायचं आणि आपल्या उपकरणाला गप्प करायचं. तो विसरला तर हाक थांबतच नाही, दुसरं काम सुचू देत नाही. लिनक्सने यावर एक हिशेब ठेवला आहे. एक लाख हाकांपैकी ९९,९०० हून जास्त कुणीच आपल्या मानल्या नाहीत, तर तो ती तार बंद करतो आणि नोंद करतो, 'नोबडी केअर्ड'. कुणालाच पर्वा नाही! आणि मग त्या तारेवरचे बाकीचे निरपराधही मुके होतात. म्हणूनच आता बहुतेक उपकरणं सामाईक तारेऐवजी आपापल्या नावाचा संदेशच पाठवतात.

मग शोध कसा घ्यायचा? लिनक्स प्रत्येक इंटरप्टच्या हाका मोजून ठेवतो. कोणता आकडा भराभर वाढतोय, कोणता जागचा हलत नाही, तारेवर कोणकोण आहे, हे आधी पाहायचं. दोष कुणाला द्यायचा ते त्यानंतर.

ही रीत मला फार ओळखीची वाटली. पानिपत पुन्हा घडवून पाहता येत नाही. राहतात ती पत्रं, बखरी, हिशेबाचे कागद, तेही पडताळून घ्यायचे. म्हणून वर्गात मी मुलांना सांगायचो, आधी कागद बघा, मग कोण चुकलं ते बोला. समोर दिसतो त्याच्यावर खापर फोडणं सोपं असतं. यंत्रमाग बंद पडला की कामगार, संगणक गोठला की माऊस, घरात काही बिनसलं की... ते तुम्हीच ठरवा!

असो. लेख लांबला. तुमच्या घरच्या संगणकाने असा छळ केला असेल, तर जरूर लिहा.