खुर्द्याची गणती

पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी काय घडले याची वार्ता नानासाहेब पेशव्यांना प्रथम एका सावकारी पत्रातून कळली. ते पत्र मराठी इतिहासातील बहुधा सर्वांत प्रसिद्ध मृत्युवार्ता असेल. त्याची भाषा सराफी पेढीवरची आहे. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या आणि रुपये व खुर्दा किती गेला त्याची मोजदादच होत नाही, असा त्याचा आशय. मोती म्हणजे विश्वासराव व सदाशिवरावभाऊ. मोहरा म्हणजे नामांकित सरदार. आणि खुर्दा म्हणजे उरलेले सगळे. वर्गात हे पत्र शिकवताना आपण त्यातील सांकेतिकतेचे कौतुक करतो. गुप्त बातमी, मोजके शब्द, व्यापाऱ्याची सावध लेखणी हे सारे खरेच आहे. पण त्या संकेतात एक मूल्यव्यवस्थाही आहे, तिच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. मोती दोन, म्हणून ते ओळखू येतात. मोहरा सत्तावीस, म्हणून त्या मोजता येतात. खुर्दा मात्र न ओळखायचा असतो, न मोजायचा. फौजेचा ‘खुर्दा उडाला’ असे आपण आजही सहज म्हणतो.

हल्ल्यात वा लढाईत पडलेल्यांचे स्मरण दरवर्षी त्याच तिथीला करण्याची रीत आता आपल्या सार्वजनिक जीवनात रुळली आहे. १४ जानेवारीला महाराष्ट्रातून माणसे पानिपतच्या काला आम स्मारकापाशी जमतात, १ जानेवारीला कोरेगाव भीमा येथे, १२ जानेवारीला सोलापुरात, २६ नोव्हेंबरला मुंबईत. या स्मरणांतून या खुर्द्याची गणती कधी आणि कशी झाली, हा प्रश्न इतिहासाचा आहे तितकाच भाषेचाही आहे.

आपल्याकडील स्मरणाचे सर्वांत जुने साधन म्हणजे वीरगळ. भीमा-सीनेच्या खोऱ्यातील गावांत, वेशीपाशी, जुन्या देवळाच्या आवारात किंवा ओढ्याकाठी असे दगड दिसतात. त्यांची रचना साधारण ठरलेली असते. तळाच्या चौकटीत झुंज आणि मृत्यू. कधी पडलेल्या वीराशेजारी गाई कोरलेल्या असतात, म्हणजे गोधन हाकून नेणाऱ्यांशी लढताना तो पडला. त्यावरच्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेतात. सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करताना दिसतो. माथ्यावर चंद्र-सूर्य असतात, म्हणजे ते आहेत तोवर ही कीर्ती राहो. कर्नाटकातील अनेक वीरगळांवर लेख आहेत; वीराचे नाव, प्रसंग, राजाचे नाव त्यांतून कळते. आपल्याकडील बहुसंख्य दगड मात्र मुके आहेत. कृती कोरली आहे, नाव कोरलेले नाही. ज्यांनी तो दगड उभा केला त्यांना नाव कोरण्याची गरज वाटली नसावी, कारण ते सर्वांना ठाऊकच होते. दोन-तीन पिढ्यांत ते विसरले गेले. मग दगडाला शेंदूर लागला आणि वीराचा देव झाला. चंद्र-सूर्य राहिले, पूजाही राहिली. माणूस तेवढा हरवला.

नाव कोरण्याचा मोठा प्रसंग महाराष्ट्रात आला तो पेशवाईच्या अखेरीस, आणि तोही जेत्यांच्या हातून. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव येथे कॅप्टन स्टाँटनच्या हाताखालील कंपनीच्या सुमारे आठशे सैनिकांवर पेशव्यांच्या फौजेने हल्ला चढवला; दिवसभर गल्लीबोळांतून झुंज झाली. १८२१ साली कंपनीने तेथे स्तंभाचा पाया घातला. त्यावर कंपनीच्या बाजूने कामी आलेल्या ४९ जणांची नावे आहेत आणि त्यांतील २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ हा महार समाजातील नामप्रत्यय आहे. ही नावे कोरण्यामागे कंपनीचा हेतू स्वतःच्या विजयाचा गौरव हाच होता. पण दगडावरचे अक्षर कोरणाऱ्याच्या हेतूला बांधलेले राहत नाही. ज्यांना गावगाड्याने वेशीबाहेर ठेवले, त्यांच्या पूर्वजांची नावे रणभूमीवर अक्षरबद्ध झालेली होती. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या स्तंभापाशी गेले तेव्हा त्या नावांचे वाचन बदलले. जेत्यांचे स्मारक वंशजांच्या स्वाभिमानाचे प्रमाणपत्र ठरले. १९४१ साली उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटच्या बोधचिन्हातही आरंभी हा स्तंभ होता.

याच युद्धातील दुसरा हल्ला आपल्या सोलापूर जिल्ह्यातील आहे. कोरेगावनंतर अवघ्या सात आठवड्यांनी, फेब्रुवारी १८१८ मध्ये, जनरल स्मिथच्या घोडदळाने आष्टी येथे पेशव्यांचा तळ अचानक गाठला. बाजीरावाला निसटून जाण्यास अवधी मिळावा म्हणून सेनापती बापू गोखले मोजके स्वार घेऊन आडवे आले आणि तेथेच पडले. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. मराठी वाचकाला आष्टी म्हटले की बापू गोखले आठवतात, आणि ते योग्यच आहे. पण त्यांच्याबरोबर घोडा घालणारे, धन्याच्या पलायनासाठी जीव देणारे ते स्वार कोण होते, असे विचारले तर उत्तरादाखल एकही नाव आपल्या ओठांवर येत नाही. एकाच युद्धात, एकाच हंगामात पडलेले दोन्हीकडचे साधे शिपाई. एका बाजूची नावे दगडावर आली, दुसऱ्या बाजूची वाऱ्यावर गेली. शौर्यात फरक होता म्हणून असे झाले नाही. दगड उभारायला मागे कोण उरले यावरून ते ठरले.

तिसरा टप्पा संख्येचा. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने खेडोपाडी लहान शिळा बसवल्या. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके पुरुष गेले, पैकी इतके मृत्यू पावले, एवढाच त्यांवरचा मजकूर. सातारा-कोकणातील चावड्या, शाळा व देवळांच्या भिंतींवर अशा शिळा आजही आढळतात. गावाचे नाव आहे, आकडे आहेत, माणसे नाहीत. वीरगळाने कृती सांगितली व नाव गाळले. या शिळेने दोन्ही गाळले.

ज्या रणभूमीवर हे लोक पडले तेथे काय झाले? सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मराठा पलटणी मेसोपोटेमियात गेल्या. कुत येथील वेढ्यात १४७ दिवस अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी त्या सैन्याने शरणागती पत्करली. हुद्द्याचा वा वर्णाचा भेद न करता प्रत्येक मृताचे नाव नोंदवावे या तत्त्वाने ब्रिटिश साम्राज्याचा युद्धसमाधी आयोग १९१७ साली स्थापन झाला होता. तरीही १९२९ साली अनावरण झालेल्या बसऱ्याच्या स्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांची नावे आली. साध्या भारतीय शिपायांचा प्रत्येक पलटणीगणिक फक्त आकडा आला. पानिपतच्या सावकाराला मोजदाद करणे अशक्यच होते. बसऱ्यात मोजदाद झाली होती. नावे मात्र दगडावर घेतली नाहीत. २०२१ साली त्याच आयोगाच्या वारसदार संस्थेने आपल्या अहवालात ही विषमता मान्य केली व माफी मागितली. निदान १,१६,००० मृतांची नावे अथवा स्मृती कोठेच नोंदली गेली नाही, असे तो अहवाल सांगतो. त्यांत आफ्रिकेतील लोकांची संख्या फार मोठी आहे.

आता यादी करण्यात आपण मागे नाही. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी दिल्लीत राष्ट्रीय युद्ध स्मारकाचे उद्घाटन झाले तेव्हा त्याच्या ग्रॅनाइटच्या विटांवर स्वातंत्र्योत्तर काळात कामी आलेल्या २५,९४२ जणांची नावे होती. जनरल व शिपाई यांच्यासाठी एकाच मापाची वीट, ही फार मोठी गोष्ट आहे. खुर्दा अखेर मोजला गेला, नावानिशी मोजला गेला. तथापि नाव कोरले की स्मरणाचे काम संपते का?

सोलापूरकरांना याचे उत्तर घरातच सापडेल. १९३० च्या मार्शल लॉनंतर १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा हे काही सैनिक नव्हते. पण नाव कसे टिकते आणि कसे झिजते हे त्यांच्या स्मरणातून स्पष्ट दिसते. त्यांची चार नावे एका दमात घेण्याची या शहराची सवय हे एक जिवंत स्मारकच आहे. दुसरीकडे पुण्याला जाणाऱ्या गाडीला त्यांच्या सन्मानार्थ ‘हुतात्मा’ हे नाव मिळाले आणि ‘हुतात्म्याने गेलो, हुतात्मा चुकली’ असे आपण बोलू लागलो. यात अनादर नाही. भाषेचा तो स्वभावच आहे. रोज वापरलेले नाणे गुळगुळीत होते, तसे नावाचेही होते.

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्याकडे या दृष्टीने पाहावे. त्यात १६६ जणांचा बळी गेला. सोलापूरशी त्याचे दोन धागे जुळतात. एक, अशोक कामटे. सोलापूरचे पोलीस आयुक्त म्हणून शहराने त्यांना पाहिले होते. कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत ते पडले आणि त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. दुसरा धागा माढा तालुक्यातील सुलतानपूर या लहानशा गावाचा. तेथील राहुल शिंदे हे राज्य राखीव पोलीस दलाचे जवान ताजमहाल हॉटेलात प्रथम शिरणाऱ्या पोलिसांपैकी होते. तेथेच गोळी लागून ते मृत्युमुखी पडले. त्यांना मरणोत्तर राष्ट्रपती पोलीस पदक मिळाले. जुन्या सावकाराने ही वार्ता लिहिली असती तर कामटे मोहरांत मोजले गेले असते आणि राहुल शिंदे खुर्द्यात. प्रत्यक्षात घडले ते निराळे. हल्ल्यानंतर दशकभराहून अधिक काळाने सुलतानपूरने आपले नावच बदलून राहुलनगर हे नाव घेतले. वीरगळ गावात असतो. येथे गावच वीराचे झाले. पत्रावरचा पत्ता, शाळेचा दाखला, सात-बारा यांत एका शिपायाचे नाव शिरले. त्याच्यासाठी वर्षाकाठी एका दिवसाची वाट पाहावी लागत नाही.

इतिहासाच्या अभ्यासकाला येथे दोन गोष्टी नोंदवाव्या लागतील. ग्रामनाम हाही एक दस्तऐवज असतो. ‘सुलतानपूर’ या नावात या भागाच्या सल्तनतकालीन भूतकाळाची खूण होती, तिची नोंद कागदोपत्री तरी जपली पाहिजे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पन्नास वर्षांनी राहुलनगर हे असंख्य ‘नगरां’पैकी एक होऊन बसेल आणि तेथे जन्मलेल्या मुलाला हा राहुल कोण हे सांगता येणार नाही, ही भीती खरी आहे. वीरगळात कृती उरली व नाव गेले; ग्रामनामात नाव उरेल आणि कृती जाईल.

नाव आणि कृती एकत्र टिकवण्याचे साधन दगड नाही, ते कथन आहे. आणि तेथे साहित्याच्या विद्यार्थ्याचे व शिक्षकाचे काम सुरू होते. पोवाड्याने ते काम केले, पण बहुधा मोत्यांसाठी व मोहरांसाठी. साध्या शिपायाचे चरित्र हा प्रकार मराठीत अजून दुबळाच आहे. स्मृतिदिनाच्या भाषणांत ‘वीर’, ‘शूर’, ‘अमर’ ही विशेषणे एकामागून एक येतात आणि त्यांच्याखाली माणूस दिसेनासा होतो, जसा शेंदराखाली वीरगळ. त्याऐवजी त्या दिवशी आपल्या तालुक्यातील एका माणसाविषयी दहा नेमकी वाक्ये वाचली जावीत. तो कोठे शिकला, घरी शेती किती होती, भरतीला का गेला, कोणत्या दिवशी, कोठे, काय करताना पडला, मागे कोण राहिले. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी दरवर्षी अशी काही टिपणे घरच्यांच्या संमतीने व कागदपत्रे पाहून लिहून घेतली, तर त्यातून उभे राहील ते स्मारक कोणत्याही स्तंभाहून टिकाऊ असेल. खुर्दा मोजून झाला आहे. आता त्यातले एकेक नाणे हातात घेऊन त्यावर काय लिहिले आहे ते वाचायचे आहे.