हात आणि पडदा : माऊस व कळफलकाच्या क्रिया पडद्यावर दाखविणाऱ्या साधनांचा इतिहास

प्रस्तावना

कुंभाराच्या चाकाशेजारी बसलेला शिकाऊ मुलगा गुरूच्या हाताकडे पाहून शिकतो. तबल्याचा विद्यार्थी बोल ऐकतो, परंतु त्याची नजर गुरूच्या बोटांवर असते. हस्तकौशल्याच्या अध्यापनात कृती आणि तिचा परिणाम असे दोन्ही एकाच वेळी दिसणे ही मूलभूत अट आहे. संगणकाच्या अध्यापनात नेमकी हीच अट मोडते. विद्यार्थ्यांची दृष्टी प्रक्षेपित पडद्यावर असते आणि अध्यापकाचे हात टेबलामागे दडलेले असतात. माऊसच्या हालचालीचा दर्शक बाण पडद्यावर फिरत असल्याने ती निदान अंशतः कळते. कळफलकाला मात्र असा प्रतिनिधी नाही. अध्यापक कंट्रोल व झेड या कळा एकत्र दाबतो आणि लिहिलेला शब्द नाहीसा होतो. विद्यार्थ्याला परिणाम दिसतो, कारण दिसत नाही. ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न कसे झाले आणि त्यातून कोणता नवा प्रश्न उभा राहिला, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

१९६८ : कॅमेऱ्याचा मार्ग

या प्रश्नाचे पहिले ठळक उत्तर ९ डिसेंबर १९६८ रोजी अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे मिळाले. स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील डग्लस एंगेलबार्ट यांनी संगणकतज्ज्ञांच्या परिषदेत सुमारे ९० मिनिटांचे प्रात्यक्षिक सादर केले. त्यांच्या उजव्या हाताखाली माऊस, डाव्या हाताखाली पाच कळांचा लहान संच आणि मध्ये कळफलक होता. मूळ संगणक सुमारे ४८ किलोमीटर दूर मेन्लो पार्क येथे होता. माऊस ही वस्तू तेव्हा बहुतेक श्रोत्यांना अपरिचित होती. केवळ पडदा दाखविला असता, तर त्यावरील खूण आपोआप हलते आहे असाच त्यांचा समज झाला असता. म्हणून एंगेलबार्ट यांचा चेहरा व हात कॅमेऱ्याने टिपण्यात आले आणि ते चित्र संगणकाच्या चित्राशी जोडून भव्य पडद्यावर दाखविण्यात आले. चित्रांच्या या मिश्रणाची सूत्रे बिल इंग्लिश यांच्याकडे होती. माऊसचा पहिला नमुनाही त्यांनीच घडविला होता. कृती व परिणाम येथे एकत्र दिसले. मात्र त्यासाठी लागलेली यंत्रसामग्री सामान्य वर्गाच्या आवाक्याबाहेरची होती.

बाण दिसला, कळ दिसली नाही

संगणक घरोघरी पोहोचल्यावर प्रथम लक्ष गेले ते माऊसच्या बाणाकडे. आरंभीच्या सुवाह्य संगणकांचे पडदे मंद असल्यामुळे हलणारा बाण डोळ्यांआड होत असे. १९९२ मधील विंडोज ३.१ या प्रणालीत बाणामागे त्याच्याच प्रतिमांची शेपटी उमटविण्याची सोय होती. २००१ मधील विंडोज एक्सपीमध्ये कंट्रोल कळ दाबताच बाणाभोवती आकसत जाणारी वर्तुळे दिसत. याच सुमारास पडद्यावरील घडामोडींचे चित्रमुद्रण करणारी साधने प्रगत होत होती. लोटस कंपनीचे स्क्रीनकॅम १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात वापरात आले होते. २००४ मध्ये जॉन युडेल यांनी वाचकांकडून नावे मागवून या प्रकाराला ‘स्क्रीनकास्ट’ ही संज्ञा रूढ केली. तथापि चित्रमुद्रणाने जतन केला तो पडदा. बाण त्यात आला, दाबलेली कळ आली नाही.

ही त्रुटी दूर करण्यासाठी स्वतंत्र लहान कार्यप्रणाली निर्माण झाल्या. मॅक संगणकांसाठी कीकास्टर, लिनक्ससाठी की-मॉन व स्क्रीनकी, तर विंडोजसाठी कार्नॅक ही त्यांची परिचित उदाहरणे होत. दाबलेल्या कळेचे नाव पडद्याच्या एका भागात क्षणभर उमटते व विरून जाते. की-मॉनसारख्या साधनात माऊसचे कोणते बटण दाबले तेही चित्ररूपाने दिसते. १९६८ मध्ये कॅमेऱ्याने केलेले काम आता काही ओळींच्या आज्ञावलीने साध्य झाले.

दर्शन आणि पाळत

या साधनांचे कार्य समजून घेतल्यास त्यांची दुसरी बाजू लक्षात येते. कोणतीही कळ सामान्यतः ज्या खिडकीत काम चालू असते तिच्याकडे जाते. कळ दाखविणाऱ्या साधनाला मात्र दुसऱ्या खिडकीसाठी दाबलेली कळही कळावी लागते. विंडोजमध्ये ‘हुक’ या सोयीद्वारे आणि लिनक्सच्या एक्स प्रणालीत ‘रेकॉर्ड’ या विस्ताराद्वारे हे शक्य होते. परवलीचे शब्द चोरणारी घातक साधनेही हाच मार्ग वापरू शकतात. एक साधन कळ सर्वांसमोर दाखविते, दुसरे ती गुपचूप साठवून ठेवते. भेद हेतूचा आहे. तंत्र एकच आहे.

या जाणिवेतून प्रणालींची रचना बदलत गेली. २००९ मधील विंडोज ७ मध्ये माऊसच्या प्रत्येक टिचकीचे चित्र व वर्णन नोंदविणारे साधन होते. परंतु टंकलेला मजकूर ते हेतुतः नोंदवीत नसे. मॅक प्रणालीत परवलीचा शब्द लिहिताना अन्य साधनांना कळा मिळत नाहीत, आणि २०१९ पासून कळफलकावर लक्ष ठेवू इच्छिणाऱ्या साधनाला वापरकर्त्याची स्पष्ट अनुमती घ्यावी लागते. लिनक्सवरील वेलँड ही नवी रचना २०१६ मध्ये फेडोरा २५ ने प्रमुख आवृत्तीत मूलतः स्वीकारली. तीत एका खिडकीच्या कळा दुसरीला वाचता येत नाहीत. परिणामी एक्स प्रणालीवर आधारलेली जुनी दर्शक साधने तेथे निरुपयोगी ठरली. काही नवी साधने थेट कळफलकाच्या यंत्रणेतून कळा वाचतात; मात्र त्यासाठी व्यवस्थापकीय अधिकार लागतात. म्हणजे शिकविण्यासाठी कळ दाखवायची, तर साधनावर पूर्वीपेक्षा अधिक विश्वास टाकावा लागतो.

शब्दाचा पर्याय

महाराष्ट्रात याच प्रश्नाचे निराळे उत्तर मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात आढळते. प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखालील या प्रकल्पात सुमारे दहा मिनिटांचे दृक्‌श्राव्य पाठ तयार झाले. पडद्यावरील चित्र इंग्रजीतच ठेवून निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध करून देण्यात आले. कोणती कळ दाबायची हे निवेदक आधी लिहिलेल्या संहितेनुसार सांगतो. येथे न दिसणाऱ्या हाताचे काम मातृभाषेतील शब्द करतो, आणि या शब्दाला कोणाच्याही कळा वाचण्याची गरज पडत नाही.

निष्कर्ष

कॅमेरा, आज्ञावली आणि शब्द हे तिन्ही मार्ग अदृश्य हात दृश्य करण्याचेच आहेत. त्यांपैकी आज्ञावलीचा मार्ग सर्वांत सोयीचा, तसाच सर्वांत जोखमीचा आहे. वर्गात ई-पत्रपेटी उघडताना अध्यापकाने दर्शक साधन बंद केले नाही, तर त्याचा परवलीचा शब्द सर्व विद्यार्थ्यांना वाचता येण्याचा धोका संभवतो. स्क्रीनकीमध्ये दोन्ही कंट्रोल कळा एकत्र दाबून दर्शन थांबविण्याची, तर कीकास्टरमध्ये केवळ आज्ञादर्शक कळा दाखविण्याची सोय आहे, ती याचसाठी. गुरूने हात दाखवावा, पण हातातील किल्ली नव्हे, हा विवेक साधनांच्या निर्मात्यांइतकाच अध्यापकानेही बाळगणे आवश्यक आहे.