सूर्य पाहण्यासाठी दुर्बिणीला कोणता फिल्टर?

रात्री शनीची कडी दाखवणारी घरातील दुर्बीण दिवसा सूर्यावरील डागही दाखवू शकते. त्यासाठी नवी दुर्बीण घ्यावी लागत नाही. योग्य सौर फिल्टर मात्र घ्यावाच लागतो. ही निवड चुकली तर किंमत डोळ्यांना मोजावी लागते. १५० मिलिमीटर व्यासाची दुर्बीण ३ मिलिमीटरच्या बाहुलीपेक्षा सुमारे २५०० पट प्रकाश गोळा करते. दृष्टिपटलाला वेदना जाणवत नसल्याने इजा होत असताना ती कळतही नाही.

जागा महत्त्वाची

फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर, म्हणजे प्रकाश आत शिरण्यापूर्वीच बसायला हवा. जुन्या स्वस्त दुर्बिणींसोबत नेत्रिकेत बसवायची काळी काच मिळत असे. एकवटलेल्या उष्णतेने ती अचानक तडकू शकते. अशी काच घरात असल्यास ती टाकून द्यावी. ग्रहणाचे चष्मे केवळ नुसत्या डोळ्यांसाठी असतात. ते लावून दुर्बिणीतून पाहणे तितकेच घातक. एक्स-रे फिल्म किंवा काजळी धरलेली काच यांचा तर विचारही करू नये.

पर्याय कोणते?

धातूचा मुलामा दिलेली फिल्म हा तुलनेने स्वस्त पर्याय असून तिच्यातून प्रतिमा सुस्पष्ट दिसते. ती ताणून बसवू नये. किंचित सुरकुत्या असल्या तरी बिघडत नाही. काचेचा फिल्टर अधिक टिकाऊ असतो. मात्र त्याची किंमत जास्त असते आणि काच उत्तम प्रतीची नसल्यास प्रतिमा धूसर होते.

खरेदी करताना 'ऑप्टिकल डेन्सिटी'चा आकडा पाहावा. डोळ्यांनी पाहण्यासाठी तो ५ असावा. असा फिल्टर प्रकाशाचा केवळ एक लाखावा भाग आत सोडतो. ३.८ आकड्याची फिल्म फक्त छायाचित्रणासाठी असते.

'हर्शेल वेज' हे उपकरण मागच्या बाजूला बसते. ते केवळ भिंगाच्या दुर्बिणीसाठी आहे. आरशाच्या दुर्बिणीला ते लावू नये. सूर्याच्या कडेवरील ज्वाला पाहायच्या असतील तर ६५६.३ नॅनोमीटरचा हायड्रोजन-अल्फा फिल्टर लागतो. तो बराच महाग असतो. सौरडाग पाहण्यासाठी साधी फिल्म पुरेशी आहे.

वापरण्यापूर्वी

फिल्टर घेण्यापूर्वी नळीचा बाहेरचा व्यास मोजावा. कडे घट्ट बसले पाहिजे. वाऱ्याने निघू नये म्हणून चिकटपट्टीही लावावी. प्रत्येक वेळी फिल्टर दिव्यासमोर धरून तपासावा आणि छिद्र किंवा ओरखडा दिसल्यास तो बाद करावा. नळीवरील छोटी शोधक दुर्बीण झाकावी किंवा काढून ठेवावी. सूर्य शोधताना डोळा लावण्याऐवजी नळीची जमिनीवरील सावली पाहावी. सावली सर्वांत लहान झाली की दुर्बीण सूर्याच्या दिशेने वळली असे समजावे. मुलांना दुर्बिणीजवळ एकटे सोडू नये.

२ ऑगस्ट २०२७ रोजी महाराष्ट्रातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसेल. अर्थात पावसाळी ढगांनी वाट दिली तर. खग्रास स्थिती इथून दिसणार नसल्याने त्या दिवशी फिल्टर एक क्षणही काढता येणार नाही. तो आधीच आणून, रोजच्या सूर्यावर सराव करून ठेवलेला बरा.