कुडा लेण्यातील वैद्य आणि विनयातील स्वेदकर्म

रायगड जिल्ह्यात पेण-नागोठणे-रोहा या मार्गाने दक्षिणेकडे गेल्यास मांदाडच्या खाडीजवळ कुडा येथील लेणीसमूह लागतो. येथे 26 लेणी असून त्यांतील शिलालेखांत महाभोजांच्या कुळातील व्यक्तींबरोबरच श्रेष्ठी, सार्थवाह, लोखंडाचा व्यापारी, माळी अशा दात्यांची नावे आढळतात. या मालिकेत एक वैद्यही आहे. उपासक व वैद्य असलेल्या इसिरखिताचा पुत्र, वैद्य सोमदेव, याने एक लेणे दान दिले. या पुण्यकर्मात नाग, इसिरखित व सिवघोस हे त्याचे पुत्र आणि इसिपालिता, पुसा, धम्मा व सपा या कन्या सहभागी आहेत.

हा लेख लहान असला तरी त्यातून बरेच कळते. वैद्यकी या घराण्यात किमान दोन पिढ्या चालत होती. आजोबांचे नाव नातवाला दिले गेले आणि कन्यांची नावे पुत्रांच्या बरोबरीने कोरली गेली. लेखातील 'वेज' हा शब्द पालीतील 'वेज्ज' व संस्कृतातील 'वैद्य' यांचेच प्राकृत रूप होय. पितळखोरे येथील लेखांतही राजवैद्य मगिल व त्याच्या अपत्यांची दाने नोंदलेली आहेत. तेव्हा संघाला आश्रय देणाऱ्यांत वैद्यांचे स्थान होते, यात शंका नाही.

हे वैद्य कोणते उपचार करीत, हे शिलालेख सांगत नाहीत. परंतु संघाला कोणते उपचार मान्य होते, हे विनयपिटकावरून स्पष्ट होते. महावग्गातील भेसज्जक्खन्धकात आयुष्मान पिलिन्दवच्छ यांच्या अंगवाताचा प्रसंग येतो. त्यावर भगवंतांनी प्रथम 'सेदकम्म' म्हणजे घाम काढण्याच्या क्रियेस अनुमती दिली. तेवढ्याने बरे वाटेना, म्हणून क्रमाने 'सम्भारसेद', 'महासेद', 'भङ्गोदक' आणि 'उदककोट्ठक' यांना अनुमती मिळाली. अट्ठकथेनुसार सम्भारसेदात नाना प्रकारच्या पानांनी घाम आणतात. महासेदात पुरुषभर लांबीचा खड्डा निखाऱ्यांनी भरून त्यावर माती किंवा वाळू पसरतात, वातहारक पाने अंथरतात आणि अंगाला तेल लावून रोगी त्यावर कूस बदलत पडून राहतो. भङ्गोदक म्हणजे पाने उकळलेले पाणी. उदककोट्ठक म्हणजे ऊन पाण्याने भरलेल्या पात्रात बसणे.

येथे उपचारांचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. सौम्य उपायाने गुण आला नाही, तरच पुढचा उपाय येतो. पाचित्तियाच्या एका नियमानुसार निरोगी भिक्खूने ऊब घेण्यासाठी अग्नी पेटवणे हा दोष आहे. आजारी भिक्खूला मात्र त्यातून सूट आहे. अग्नीचा वापर सुखासाठी की व्याधीसाठी, हा भेद विनयाने कटाक्षाने राखला आहे.

कोकणातील घराघरांत या परंपरेशी मिळतेजुळते उपचार परिचित आहेत. बाळंतिणीच्या खाटेखाली ठेवलेली शेगडी, ओव्याची धुरी, सुजलेल्या सांध्यावर निर्गुडीच्या पानांचा शेक ही त्याची उदाहरणे. त्यांचा विनयाशी थेट वंशसंबंध जोडता येत नाही. तथापि पाने, वाफ आणि निखारा यांवर आधारलेली ही एकच समजूत आहे, असे म्हणता येते.

पूर्व आशियात उष्णोपचाराने वेगळे रूप घेतले. तेथे दवण्याच्याच वंशातील एका वनस्पतीची पाने वाळवून, कुटून, चाळून त्यांचा कापसासारखा लगदा करतात. त्याचा लहान शंकू शरीरावरील ठरावीक बिंदूवर, कधी मध्ये आल्याची चकती ठेवून, जाळतात. किंवा त्याची पेटती कांडी त्वचेपासून थोडी दूर धरतात. याचे जपानी नाव 'मोगुसा'. त्यावरूनच युरोपात 'मॉक्सा' हा शब्द रूढ झाला. चीनमधील मावांगदुई येथे इ. स. पूर्व 168 मध्ये बंद केलेल्या समाधीतून 1973 साली जी हस्तलिखिते मिळाली, त्यांत या उपचाराचे ग्रंथ आहेत. म्हणजेच चीनमध्ये बौद्ध धम्माचा प्रसार होण्यापूर्वीच तो तेथे सुस्थिर झाला होता.

म्हणून भिक्खूंनी ही विद्या भारतातून तिकडे नेली, हे विधान टिकत नाही. नालंदा येथे राहिलेल्या इत्सिंगने सातव्या शतकाच्या अखेरीस भारतीय वैद्यकाची प्रशंसा केली. पण सुई टोचणे, डाग देणे व नाडीपरीक्षा यांत जंबुद्वीपातील कोणताही देश चीनच्या पुढे नाही, असेही त्याने नोंदवले. दुसरीकडे, डाग देण्याचे बिंदू दाखवणाऱ्या जुन्या आकृत्या ज्या हस्तलिखितांत टिकल्या, ती दुन्हुआंगच्या बौद्ध लेण्यात सापडली. बौद्ध स्थानांनी विद्या निर्माण केली नसली, तरी ती जतन केली, हे श्रेय मोठेच आहे.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत अग्निकर्माचा स्वतंत्र अध्याय आहे. त्यात पिंपळी, शेळीची लेंडी, धातूची शलाका, मध, गूळ, तेल अशी साधने सांगितली असून कोणाला डाग देऊ नये हेही सांगितले आहे. हा निषेधाचा भाग विसरला की काय होते, ते मेळघाटात दिसून आले आहे. तेथे पोट फुगलेल्या तान्ह्या बालकांना तापल्या विळ्याने 'डंबा' देण्याच्या प्रथेने बालकांना गंभीर इजा झाल्या आहेत. केवळ प्राचीनतेचा हवाला देऊन अशा प्रथेचे समर्थन करता येणार नाही.

ब्रह्मजालसुत्तात वैद्यकीवर उपजीविका करणे श्रमणास वर्ज्य ठरवले आहे. रोग्याची शुश्रूषा मात्र विनयात कर्तव्य मानली आहे. अशा संघाला सोमदेवासारख्या गृहस्थ वैद्याची गरज होती आणि त्या वैद्याने संघाला लेणे दिले. कुडा येथील त्या लेखाचा अभ्यास दात्यांच्या यादीपुरता न ठेवता वैद्यकाच्या इतिहासाचे साधन म्हणूनही व्हावयास हवा.