सेंट ब्रिजिडचा दिवस

१ फेब्रुवारी. आयर्लंडमधील जुन्या गणनेनुसार वसंताचा पहिला दिवस. ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वीच्या काळातील ‘इम्बोल्क’ हा ऋतुपर्वाचा सण याच सुमारास येई. मेंढ्या वियायच्या आणि दुधाचे दिवस सुरू व्हायचे. किल्डेअर येथील मठाची संस्थापक म्हणून ओळखली जाणारी संत ब्रिजिड हिचा स्मरणदिनही हाच. याच नावाची एक देवी जुन्या आयरिश साहित्यात आढळते. काव्य, वैद्यक आणि लोहारकाम ही तिची क्षेत्रे. देवीचीच पुढे संत झाली, असे सर्रास लिहिले जाते. नामसाम्य व तिथी पाहता तसे वाटणे स्वाभाविक आहे, पण ते अनुमानच मानावे.

सणाचे मुख्य चिन्ह म्हणजे लव्हाळ्याचा क्रूस. आदल्या संध्याकाळी पाणथळ जागेतून लव्हाळे उपटून आणतात. परंपरेने ते कापत नाहीत. मधल्या चौकोनाभोवती काड्या दुमडत चार हात विणले, की क्रूस दारावर किंवा आढ्याला लावतात. घराला आग लागू नये, गुरे सुखरूप राहावीत, ही त्यामागील श्रद्धा. त्याच रात्री एक कापड घराबाहेर ठेवतात. ब्रिजिड जाता जाता त्याला स्पर्श करते आणि मग ते डोकेदुखीवर, तसेच अडलेल्या गाईंसारख्या जनावरांवर उपयोगी पडते, असे मानत. काही भागांत मुले ब्रिजिडची बाहुली घेऊन घरोघर फिरत.

२०२३ पासून हा सण आयर्लंडच्या प्रजासत्ताकात सार्वजनिक सुट्टीचा आहे. सुट्टी फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी असते. १ तारखेला शुक्रवार आल्यास त्याच दिवशी.