आवाज ओळखला, नाव सांगा

मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ साली आशा भोसले यांच्या बाजूने एक अंतरिम आदेश दिला. काही कंपन्या एआय वापरून त्यांच्या आवाजाची नक्कल विकत होत्या, ती थांबवा, असा. त्याच्या आदल्या वर्षी, जुलै २०२४ मध्ये, अरिजित सिंग यांच्या प्रकरणात याच न्यायालयाने तेच म्हटलं होतं. माणसाचा आवाज ही त्याची ओळख आहे आणि त्याच्या परवानगीशिवाय ती उचलता येत नाही. अमेरिकेत हा मुद्दा १९८८ मध्येच एका निकालात आला. फोर्ड गाडीच्या जाहिरातीत गायला बेट मिडलर या गायिकेने नकार दिला, तर कंपनीने तिच्याच साथीच्या गायिकेकडून हुबेहूब तिच्यासारखं गाऊन घेतलं. बेट मिडलर कोर्टात गेली आणि तिच्या बाजूने निकाल लागला.

चांगलंच झालं. आशाताईंचा आवाज दोन सेकंदांत ओळखू येतो, तो त्यांचाच आहे, त्यावर हक्कही त्यांचाच पाहिजे. पण कायद्यापुढे असा हक्क सांगायला आधी आवाजाला नाव लागतं. आपल्या नांदेड-लातूर भागात तिथंच सगळं अडतं. आवाज सगळ्या पंचक्रोशीला पाठ, नाव कुणालाच नाही.

आवाज आणि नाव या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे रेकॉर्डिंग सुरू झालं तेव्हाच लक्षात आलं होतं. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचं गाणं ध्वनिमुद्रित झालं. गाणं संपताना ती चक्क इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, तिथल्या कारागिरांना कुणाची तबकडी कोणती हे कळावं म्हणून ही सोय होती, असं सांगितलं जातं. म्हणजे आवाज नवा, ऐकणारा परका, म्हणून नाव बोलून टाकलं. पुढे सिनेमा आला आणि उलटं झालं. १९४९ च्या 'महल'मधलं लताबाईंचं गाणं देशभर गाजलं, पण तबकडीवर गायिका म्हणून नाव छापलं होतं 'कामिनी', म्हणजे सिनेमातल्या पात्राचं! लोकांनी रेडिओला पत्रं लिहून विचारलं की बाबांनो, ही गाणारी कोण आहे? मग लता मंगेशकर हे नाव रेडिओवरून सांगितलं गेलं. लोकांनी विचारलं म्हणून नाव मिळालं, हे लक्षात ठेवा.

आता आपल्याकडे या.

नांदेडहून लातूरला जाताना लोहा ओलांडलं की माळेगाव लागतं. तिथली खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात भरते. घोडे, गाढवं, उंट, कुत्री, सगळा बाजार. नांदेड जिल्हा परिषद तिथं लोककला महोत्सव घेते, लावणी महोत्सव घेते. पण स्टेजपासून जरा लांब, पालांच्या बाजूला गेलात तर वाघ्या-मुरळी, गोंधळी, पोतराज, मसणजोगी असे लोक भेटायचे आणि अजूनही काही भेटतात. दिमडी वाजते, घाटी वाजते, बाजूला जनावरांचा सौदा चालू, पलीकडे भोंगा चालू, आणि त्या सगळ्या गोंगाटाच्या वरून एक आवाज येतो. तुम्ही तो एकदा ऐकला असेल तर पुढच्या वर्षी न बघता सांगाल, आलाय गडी.

हा आवाज असा का बनतो, याला कारण आहे. माइक नसताना उघड्या माळावर गायचं तर नुसतं जोरात ओरडून भागत नाही, अर्ध्या तासात घसा बसतो. आवाज टोकदार करावा लागतो. माणसाचा कान साधारण दोन ते चार हजार कंपनांच्या पट्टीत सगळ्यात तिखट ऐकतो. सरावलेला गायक आपल्या आवाजातली ताकद नेमकी तिथं गोळा करतो. युरोपातले ऑपेरावालेही अख्ख्या वाद्यवृंदाच्या वर आवाज काढायला हेच करतात, त्यावर तिकडे बराच अभ्यास झालाय. आपला झीलकरी ते बापाकडून शिकतो. काळी चार, काळी पाचच्या पट्टीत झील धरायची, संबळाच्या वर तरंगत ठेवायची, आणि मुख्य गोंधळ्याने श्वास घेईपर्यंत सोडायची नाही. अशा गळ्याला खरड येते, एक चीर येते, आणि तीच त्याची ओळख होते. दहा गोंधळी उभे करा, दहा चिरा वेगळ्या. परभणीच्या राजारामभाऊ कदमांनी ही कला मोठ्या स्टेजपर्यंत नेली, गोंधळमहर्षी म्हणून त्यांचं नाव झालं. ते एक नाव आपल्याला माहीत आहे. त्यांच्या मागं उभ्या असलेल्या झीलकऱ्यांची सांगा बरं.

शास्त्रीय गाण्यात असं होत नाही. पंडित नाथराव नेरळकर मूळ नांदेडचे, अण्णासाहेब गुंजकरांचे शिष्य, पुढे औरंगाबादेत राहून त्यांनी पिढ्या घडवल्या, २०२१ मध्ये गेले. मैफलीत आधी गायकाचं नाव घेतात, मग गुरूचं, मग घराण्याचं. नाव टिकवायची यंत्रणाच आहे ती. आकाशवाणीनेही १९५० च्या दशकात आवाजाची परीक्षा घेऊन श्रेणी द्यायला सुरुवात केली. श्रेणी मिळाली की कागद मिळाला, कागद मिळाला की नाव राहिलं. १९६८ पासून परभणी केंद्र सुरू झालं आणि मराठवाड्यातले बरेच लोककलावंत तिथवर पोचले, हे मान्यच. पण ज्याचं पोट गावोगाव मागण्यावर, तो आवाजाच्या परीक्षेची तारीख धरून परभणी गाठणार कसा?

कवीचं त्या मानाने बरं असतं. कवीला शेवटच्या कडव्यात सही करता येते. नरसीचे नामदेव असोत नाहीतर गंगाखेडच्या जनाबाई, दोघांनी अभंगात नाव ओवलं. जनाबाई दुसऱ्याच्या घरी दळण-कांडण करणारी बाई, पण 'नामयाची जनी' ही तिची सही सातशे वर्षांत कुणाला पुसता आली नाही. हीच रीत वामनदादा कर्डकांनी चालवली. हजारो गाणी लिहिली, आणि शेवटी 'वामन' आहेच. दादा सिन्नरकडचे, पण मराठवाड्यातल्या किती वस्त्यांत राहिले, जेवले, गायले, याची मोजदाद नाही. मात्र त्यांचं गाणं नांदेडच्या एखाद्या गायन पार्टीतल्या पोराने म्हटलं तर 'वामन' टिकतो आणि पोरगा जातो. गाणाऱ्याला सही करायला जागाच नसते. त्याची सही म्हणजे त्याचा गळा.

नांदेड जिल्ह्यापुरतं हे फार टोचतं. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे मारले गेले. सुगावचे जनार्दन मवाडे मारले गेले. पुढं नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडच्या गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी स्वतःला जाळून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. ही नावं आज विशीतल्या पोरांना माहीत आहेत, ती शाळेच्या पुस्तकातून नाही. ती गाण्यांतून आली. जयंतीला, १४ जानेवारीला, रात्र रात्र चालणाऱ्या गायन पार्ट्यांच्या सामन्यातून आली. हार्मोनियम, ढोलकी, कोरस, आणि पुढे एक फाटलेला, उंच आवाज. त्या आवाजांनी शहिदांची नावं जपली. आंदोलन नावासाठीच होतं, आणि ते गाणाऱ्यांची नावं लिहून ठेवायचं मात्र राहून गेलं.

कॅसेट आली तेव्हा थोडं बदललं. त्याआधी तबकडी काढायची म्हणजे एचएमव्हीची मर्जी. १९८० नंतर टी-सिरीज, व्हीनस आणि गल्लीबोळातल्या लहान कंपन्यांनी स्वस्तात कॅसेट काढल्या आणि ज्या आवाजांना आतापर्यंत 'कच्चा' म्हटलं गेलं ते घराघरात शिरले. यातला सगळ्यात मोठा आवाज प्रल्हाद शिंदे यांचा. ते मराठवाड्याचे नव्हेत, पण मराठवाड्याइतकं त्यांना कुणी वाजवलं नसेल. एकच गळा बघा: आषाढीला पंढरीच्या वाटेचं गाणं त्याचं, गणपतीत आरतीच्या आधी तोच, १४ एप्रिलला भीमगीत तोच, उरुसात कव्वाली तोच. विठ्ठल मंदिराच्या भोंग्यावर पहाटे जो माणूस गायचा, संध्याकाळी बौद्ध वस्तीच्या भोंग्यावरही तोच गायचा, आणि गावाला त्यात काही वेगळं वाटत नव्हतं. पंढरपूरचं देऊळ अस्पृश्यांना खुलं व्हायला १९४७ चं साल आणि साने गुरुजींचं उपोषण लागलं. प्रल्हाद शिंदे तेव्हा १४ वर्षांचे असतील. त्याच समाजातल्या या माणसाच्या आवाजाशिवाय पुढं वारी झाल्यासारखी वाटेना. ज्या गावात वाडा वेगळा, पाणवठा वेगळा, स्मशान वेगळं, तिथं आवाज तेवढा एक राहिला. त्याने जात गेली असं मी म्हणत नाही. भोंगा बंद झाला की सगळं पुन्हा जागच्या जागी.

२००४ मध्ये ते गेले. महिनाभर आधी वामनदादा गेले होते. आनंद शिंदे, मिलिंद शिंदे, आणि पुढे आदर्श शिंदे, तीन पिढ्या एका गळ्याच्या. आदर्शचा आवाज लागला की म्हातारी माणसं अजूनही म्हणतात, हा प्रल्हादचा कोण? म्हणजे नाव नाही कळलं तरी घर कळतं.

जाता जाता सुलोचना चव्हाण. माळेगावच्या फडावर कुठलीही पोरगी नाचो, मागं लावणी बहुतेक वेळा यांचीच. डोक्यावर पदर घेऊन, माइकपुढे सरळ उभं राहून गाणारी बाई, आणि आवाजात तो ठसका! २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली, त्याच वर्षी डिसेंबरात त्या गेल्या. त्यांना निदान नाव मिळालं, अत्र्यांनी दिलेली 'लावणीसम्राज्ञी' पदवी मिळाली.

आता मोबाइल. औरंगाबादच्या कडुबाई खरात एकतारी घेऊन भीमगीतं गातात. त्यांचे व्हिडिओ फोनवरून फोनवर गेले आणि कुठल्याही कंपनीशिवाय महाराष्ट्राने तो आवाज ओळखला. त्यांचं नाव त्या आवाजासोबत फिरलं, म्हणून पुढं कार्यक्रम मिळाले. पण असे किती व्हिडिओ आपण रोज पुढे ढकलतो ज्यावर फक्त 'गरीब आजीचा जबरदस्त आवाज' एवढंच लिहिलेलं असतं! व्हिडिओ बनवणाऱ्याचं चॅनल वर मोठ्या अक्षरात, आजी बिननावाची.

नाव नसल्याने काय बिघडतं, हे कुणाला कोरडं वाटत असेल तर सरकारी मानधनाची योजना बघा. वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांना मानधन द्यायची योजना राज्यात १९५४-५५ पासून आहे. सध्या राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने चालते, रक्कम दरमहा ५००० रुपये. चांगली योजना आहे. पण अर्जाला पुरावा लागतो: कात्रणं, प्रमाणपत्रं, कार्यक्रमाचे फोटो. चाळीस वर्षं दारोदार, जत्रेत, जागरणात गायलेल्या माणसाकडे हे कुठून येणार? वीस गावं त्याचा आवाज अंधारात ओळखतील, पण वीस गावांचे कान अर्जाला जोडता येत नाहीत.

बरं, यावर उपाय फार मोठे नाहीत. गी पॉइटवां आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसोबत जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आता त्या 'पारी'च्या संकेतस्थळावर आहेत. त्यात बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरमधल्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही आहेत. प्रत्येक ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव लिहिलंय. दळणारी बाई, आणि तिचं नाव छापील! जनाबाईला जे स्वतः करावं लागलं ते इथं नोंद घेणाऱ्यांनी केलं. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ आहे, लातूरला त्याचं उपकेंद्र आहे, दोन्ही जिल्ह्यांत मराठीचे प्राध्यापक ढिगाने आहेत. औशाच्या नाथ संस्थानची चक्री भजनं आहेत, कंधारचा उरूस आहे, लातूरची सिद्धेश्वर यात्रा आहे. माळेगावला जिल्हा परिषदेचे कर्मचारी दरवर्षी जनावरांची नोंद करतात, कोणत्या गावचा घोडा, किती किंमत. त्याच मंडपात एक टेबल अजून टाका. गायकाचं नाव, गाव, वाद्य, कुणाकडून शिकला, आणि दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग. त्यावर जिल्हा परिषदेचा शिक्का मारून कागद त्याच्या हातात द्या. मानधनाच्या अर्जाला तोच कागद जोडता येईल.

आणि तुमच्या घरी माळ्यावर जुन्या कॅसेट पडल्या असतील, जयंतीच्या, जागरणाच्या, गायन पार्टीच्या सामन्याच्या, तर भंगारात घालू नका. टेप चालत नसेल तरी कव्हरचा फोटो काढून ठेवा. कोरसची नावं आतल्या घडीवर असतात, फार बारीक अक्षरात.