सबवूफरमधून सतत घूंऽऽ आवाज येतोय? अर्थची पिन तोडू नका, दोष असा शोधा

गाणं बंद, व्हॉल्यूम शून्यावर, तरी सबवूफर एकसारखा घूंऽऽ करतोय. रत्नागिरीत आमच्या घरी गणपतीच्या आठवडाभर आधी हेच झालं. ओळखीच्या दुरुस्तीवाल्याने फोनवरच उपाय सांगितला, "प्लगची जाड पिन काढून टाका, आवाज जाईल." आवाज खरंच जाऊ शकतो. पण ती जाड पिन म्हणजे अर्थ, आणि ती तुमच्या जिवासाठी असते. म्हणून मी दोष दुसऱ्या वाटेने शोधला. तोच क्रम इथे देतोय. यात एकही स्क्रू उघडायचा नाही.

हा आवाज येतो कुठून?

आपल्या घरातली वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची. म्हणजे सेकंदाला ५० वेळा तिचं चक्र पूर्ण होतं. ५० हर्ट्झचा सूर अगदी खर्जातला, आणि सबवूफर बनवलेलाच असतो खर्जासाठी. टीव्हीच्या छोट्या स्पीकरमध्ये जी गडबड ऐकू येत नाही, ती इथे घुमते.

बहुतेक वेळा कारण असतं ग्राउंड लूप. एकमेकांना जोडलेली दोन उपकरणं वेगवेगळ्या वाटांनी जमिनीला जोडलेली असली, की दोन्हीकडच्या अर्थमध्ये किंचित फरक पडतो. त्या फरकामुळे ऑडिओ केबलच्या बाहेरच्या जाळीतून बारीक प्रवाह वाहतो. ॲम्प्लिफायर त्यालाच गाणं समजून मोठा करतो.

दोष शोधायचा क्रम

केबल काढण्या-घालण्याआधी दर वेळी सबवूफर बंद करा.

१. सबवूफरची ऑडिओ केबल काढा आणि तो एकटाच चालू करा. आवाज तसाच राहिला तर दोष आतल्या पॉवर सप्लायमध्ये आहे. तो मेकॅनिककडे न्या. स्वतः उघडू नका, कारण प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असू शकते.

२. आवाज थांबला असेल तर केबल परत जोडा आणि सेट-टॉप बॉक्सला येणारी बाहेरची टीव्ही केबल काढून बघा. आमच्याकडे आवाज इथेच थांबला. खांबावरून येणारी केबल तिकडचा अर्थ सोबत घेऊन येत होती.

३. लॅपटॉप जोडला असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. फोन ऑक्स केबलने जोडून चार्जिंगला लावला असेल तर त्याचाही चार्जर काढा.

४. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि सबवूफर एकाच चांगल्या थ्री-पिन एक्स्टेन्शन बोर्डवर लावा. अर्थची वाट एकच झाली की लूप लहान होतो.

५. ऑडिओ केबल विजेच्या वायरींपासून दूर ठेवा. सैल झालेली पिन बदला.

कारण सापडलं, आता उपाय

साध्या केबल टीव्हीसाठी त्या केबलवर ग्राउंड आयसोलेटर लावता येतो. डिश असेल तर तो लावू नका, कारण डिशला वीज त्याच केबलमधून जाते. तिथे ऑडिओ केबलवर बसणारा ग्राउंड लूप आयसोलेटर वापरा. स्वस्तातला असेल तर बास थोडा कमी होऊ शकतो. टीव्ही आणि होम थिएटर दोन्हीला ऑप्टिकल जोडणी असेल तर सगळ्यात उत्तम, कारण त्या केबलमधून फक्त प्रकाश जातो, वीज नाही.

पिन का तोडायची नाही?

आतली वायर सुटून धातूच्या पत्र्याला लागली, तर वीज अर्थमधून जमिनीत जाते आणि फ्यूज किंवा ब्रेकर पडतो. पिन नसेल तर पत्रा तसाच जिवंत राहतो, आणि पहिला हात लावणाऱ्याच्या अंगातून वीज जाते.

कोकणात हे जास्त लक्षात ठेवायला हवं. पावसाळ्यात जमीन ओली असते, अंगण ओलं, पायही ओले. उलट एप्रिल-मेमध्ये जांभ्याची जमीन कोरडी पडते आणि अर्थिंगचा रोध वाढतो. अर्थिंगच्या खड्ड्यात तेव्हा पाणी घालत राहा.

उपकरणाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर वरचे प्रयोग करत बसू नका. मेन स्विच बंद करा आणि परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. आवाजाचं नंतर बघता येईल.